अमर्याद म्हणजे नेमकं किती

डेस्मंड पार्गेटर यांनी नोकरीची सगळी वर्षं लोकांची मापं काढण्यात घालवली. हे वाक्य अगदी शब्दशः घ्यायचं. मेल्टन मोब्रे आणि आसपासच्या गावांचे ते वजनमापे निरीक्षक होते. खाटकाचा तराजू, पबमधला बिअरचा ग्लास, पेट्रोलपंपाचा काटा, कोळशाची गोणी, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. एका बेकरीवाल्याला त्यांनी पोर्क पाय, म्हणजे पिठाच्या पारीत डुकराचं मांस भरलेला पदार्थ, वजनाला हलका भरल्याबद्दल थेट कोर्टात उभं केलं होतं, आणि तो बेकरीवाला त्यांच्या बायकोचा मामेभाऊ होता. त्या घराशी येणंजाणं अजून बंद आहे. साहेबांना त्याचं वाईट वाटतं, पण पोर्क पाय हलका होता त्याला ते काय करणार?

अशा माणसाच्या दारात निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वसंतात 'अमर्याद' हा शब्द येऊन पडला.

पडला म्हणजे टपालाच्या फटीतून थेट पायपुसण्यावर पडला. लार्कनेट नावाच्या कुठल्याशा कंपनीची, संगणकात घालायची चकचकीत तबकडी होती आणि वेष्टनावर ठळक अक्षरांत छापलं होतं: 'अमर्याद इंटरनेट! महिन्याला एकच ठरलेली रक्कम! मनसोक्त वापरा!'

त्याआधी पार्गेटरांच्या घरी इंटरनेट म्हणजे मिनिटावर चालणारा कारभार होता. ते टेलिफोनच्याच तारेवरून यायचं आणि मिनिटामिनिटाने बिल चढायचं. साहेब संगणकासमोर बसले, की त्यांच्या पत्नी ॲव्हरिलबाई अंडी उकडायचं घड्याळ हातात घेऊन मागे उभ्या राहायच्या.

"झालं का?"

"पान उघडतंय."

"मघापासून उघडतंयच. बंद कर, डेस्मंड. काय बघायचंय ते लायब्ररीत जाऊन बघ."

अशा वातावरणात ज्ञान मिळत नाही, घाम येतो. त्यामुळे ती तबकडी साहेबांनी दोन दिवस उलटसुलट करून पाहिली आणि मग कुंपणापलीकडच्या ट्रेव्हर स्लेनीला दाखवली. ट्रेव्हर निवृत्त गॅस फिटर. गॅस सोडून जगातल्या सगळ्या विषयांत त्याला गती होती.

"घेऊन टाक," ट्रेव्हर म्हणाला. "अमर्याद म्हणजे अमर्याद. आपल्या देशात छापील शब्दाला किंमत आहे."

"अमर्याद या जगात एकच गोष्ट आहे," ॲव्हरिलबाई आतून म्हणाल्या, "आमची म्युरिएल फोनवर आली की."

म्युरिएल ही त्यांची धाकटी बहीण, मुक्काम स्केग्नेस. पण तिच्याकडे पुढे येऊच.

साहेबांनी योजना घेतली. आणि इथे त्यांच्या स्वभावातली एक बाजू सांगणं भाग आहे. एकदा पैसे भरले की दिलेलं ताटात टाकायचं नाही, हे त्यांचं तत्त्व होतं. ब्लॅकपूलच्या हॉटेलात नाश्ता भाड्यातच धरलेला आहे असं कळल्यावर त्यांनी नको असताना तीन खारवलेले मासे खाल्ले होते आणि उरलेला दिवस समुद्राकडे पाठ करून बसून काढला होता. आता महिन्याची रक्कम आगाऊ भरल्यावर इंटरनेट बंद ठेवायचं म्हणजे मासे परत पाठवण्यासारखंच होतं.

शिवाय एकदा तोडलेली जोडणी पुन्हा जुळवणं हे काही गमतीचं काम नव्हतं. मोडेम आधी फोन फिरवायचा, मग मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा किंचाळायचा, मग फरशीवरून घमेलं ओढल्यासारखा खरखरायचा आणि बहुतेक वेळा एवढं सगळं करून, पलीकडे गर्दी आहे असं सांगून गप्प व्हायचा. आत शिरायला मिळालं की बाहेर पडायचं नाही, हे कुणीही सांगेल.

तेव्हा दिनक्रम असा ठरला. न्याहारी आटोपली, की साहेब टाय लावून जोडणी करत. संध्याकाळच्या चहाला ती तोडत. मधल्या वेळात ते बागेत गवत कापत, कोडं सोडवत, एक डुलकी काढत आणि अधूनमधून आत डोकावून पडद्याच्या कोपऱ्यातली छोटी खूण लुकलुकते आहे ना एवढं बघून जात. लुकलुकत असली की समाधानाने मान डोलावत.

अडचण एकच होती. साहेबांच्या बाजूने बराच वेळ काही हालचाल दिसली नाही, की लार्कनेट आपणहून जोडणी तोडून टाकत असे. साहेब बागेतून येत तो खूण विझलेली.

"त्याला हालचाल दाखव ना," ट्रेव्हर म्हणाला. "आपोआप उघडत राहणारी पानं असतात. एक पान लावून ठेव. ते दर थोड्या वेळाने स्वतःच स्वतःला ताजं करतं. कंपनीला वाटतं तू समोर बसलायस."

त्याने खुर्ची ओढली आणि खूप शोधून असं एक पान काढलं. ते दूर उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या एका दीपगृहाचं हवामान होतं. झालं. साहेब बाहेर घेवड्यासाठी चर खणत आणि घरात यंत्र सारखं विचारत राही, शेटलंडला वारा कसा आहे? उत्तर येई, जोराचा. जरा वेळाने पुन्हा विचारी, आता कसा आहे? अजून जोराचाच. मेल्टन मोब्रेमधल्या एका रिकाम्या खोलीत शेटलंडच्या वाऱ्याची एवढी चौकशी त्याआधी कधी झाली नसेल.

इंटरनेट चालू म्हणजे टेलिफोन बंद, हे साहेबांना ठाऊक होतं. पण आपल्याला कोण फोन करणार, असं त्यांचं म्हणणं. म्युरिएल त्यांच्या हिशोबातच नव्हती. म्युरिएलने सोमवारी दुपारी, तिच्या नेहमीच्या वेळेला फोन केला, लाइन व्यग्र. मंगळवारी केला, व्यग्र. बहीण बोलतेय म्हणावं तर कुणाशी? ॲव्हरिल फोनवर म्युरिएलखेरीज कुणाशी बोलायचीच नाही. शनिवारपर्यंत म्युरिएलची खात्री पटली, की रिसीव्हर खाली लोंबतोय आणि त्याच्या शेजारी बहीण पडली आहे.

त्यामुळे शनिवारी सकाळी साहेब बागेत फावडं घेऊन उभे असताना फाटकातून एक हवालदार आत आला.

"मिस्टर पार्गेटर? सगळं ठीक आहे ना?"

"मी खणतोय."

"ते दिसतंय, सर. मिसेस पार्गेटर कुठे आहेत?"

"बाजारात."

"अलीकडे त्यांना कुणी पाहिलंय?"

"मी पाहिलंय!"

"तुमच्याखेरीज कुणी?" हवालदार चराच्या कडेने हळूहळू चालत गेला आणि टोकाशी थांबला. "हा खड्डा कशासाठी, सर?"

"घेवड्यासाठी."

"बराच लांब आहे."

"घेवडा ओळीत लावतात."

हवालदाराने टोपी काढून बगलेत धरली. लार्च क्लोज या त्यांच्या गल्लीतल्या खिडक्यांचे जाळीचे पडदे एव्हाना सगळे अर्धी वीत सरकले होते. तेवढ्यात ॲव्हरिलबाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आल्या आणि "काय झालं?" म्हणाल्या. हवालदार किंचित निराश झाला, असं साहेबांना कायम वाटत राहिलं.

त्या दिवशी घरात करार झाला. दुपारचा थोडा वेळ टेलिफोन म्युरिएलसाठी मोकळा ठेवायचा. पण तो पाळायची वेळच आली नाही. पुढच्याच सोमवारी साहेबांनी टाय लावला, जोडणी करायला घेतली, मोडेम किंचाळला, खरखरला आणि पडद्यावर उमटलं: 'नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे.' साहेबांनी पुन्हा टाइप केलं. मग एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप केलं. मग ॲव्हरिलबाईंना बोलावून त्यांच्यासमोर केलं, साक्षीदार असावा म्हणून.

शेवटी त्यांनी मदत केंद्राला फोन लावला. आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, असं एका बाईने सांगितलं आणि बासरी सुरू झाली. बासरी थांबली की तीच बाई सांगे, बहुतेक शंकांची उत्तरं आमच्या संकेतस्थळावर मिळतील. पुन्हा बासरी. ॲव्हरिलबाईंनी तेवढ्यात बटाटे सोलून उकडत ठेवले.

"हॅलो डेस्मंड! मी कीरन बोलतोय. आजचा दिवस कसा चाललाय?"

"मिस्टर पार्गेटर."

"बरं, डेस्मंड. तुमचं खातं मला इथे दिसतंय. ते आम्ही बंद केलंय. तुम्ही हेवी ग्राहकांत मोडता."

साहेब अंगाने इतके किरकोळ होते, की जोराचा वारा सुटला तर ॲव्हरिलबाई त्यांच्या दंडाला धरून चालत. पण त्यांना लागलं ते वेगळंच. वजनाचा शब्द समोर न तोलता वापरलेला त्यांना खपत नसे.

"हेवी म्हणजे किती?"

"म्हणजे तुम्ही खूप वापरलंत."

"तुमची योजना अमर्याद आहे ना?"

"अगदी अमर्याद आहे."

"मग मी मर्यादा ओलांडली कशी?"

"मर्यादा नाहीच, डेस्मंड, त्यामुळे ती ओलांडताच येत नाही. तुमचा वापर वाजवीपेक्षा जास्त झाला, एवढंच."

"वाजवी म्हणजे किती?"

"ते गोपनीय आहे."

"का?"

"सांगितलं तर लोक तेवढं वापरतील."

साहेबांनी रिसीव्हर कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. खोटं वजन ठेवणारे दुकानदार त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते, पण त्यांतला प्रत्येक जण निदान शरमला तरी होता.

"मला आधी कळवायला हवं होतं," ते म्हणाले.

"कळवलं की. ईमेलने."

"कधी?"

"खातं बंद केल्याबरोबर लगेच."

"ती ईमेल वाचायला खातं लागतं."

पलीकडे कीबोर्डच्या कळा वाजल्या. "हा मुद्दा चांगला आहे," कीरन म्हणाला. "वरती कळवतो. आणखी काही मदत हवीय का आज?"

साहेबांनी फोन खाली ठेवला तो खिडकी उघडी असताना, आणि खिडकीखाली ट्रेव्हर कुंपण छाटत होता. ट्रेव्हर मनाने वाईट नव्हता. पण पोटात काही राहायचं नाही, आणि ते हलकं करायची जागा म्हणजे बोल्स क्लब.

मेल्टनचा बोल्स क्लब म्हणजे कापून गुळगुळीत केलेली हिरवळ, तिच्यावर जड चेंडू हळूच घरंगळत सोडणारे पांढऱ्या कपड्यांतले निवृत्त लोक आणि चहा. त्या वर्षी क्लबचे अध्यक्ष दुखऱ्या गुडघ्यांना ऊन मिळावं म्हणून स्पेनला राहायला निघाले होते. जागा रिकामी होणार होती आणि ती पार्गेटरसाहेबांना मिळणार, हे जवळजवळ ठरलेलं होतं. दुसरा उमेदवार क्लाइव्ह हॅदरसेज, दातांचा डॉक्टर. निम्म्या मतदारांच्या तोंडात त्याचा हात गेलेला होता आणि ते त्यांच्या लक्षात होतं. साहेबांना हे अध्यक्षपद मनापासून हवं होतं. खुर्चीचा मोह नव्हता. पण निवृत्तीनंतर त्यांच्या नावापुढे लावायला काहीच उरलं नव्हतं, आणि रिकाम्या नावाने बाजारातून चालताना त्यांना थंडी वाजल्यासारखं होई.

आठवडाभरात गावाला कळलं, की पार्गेटरने दिवसदिवस इंटरनेटवर बसून कंपनीला बेजार केलं आणि कंपनीने शेवटी त्याला हाकलून दिलं. आता सज्जन, सडसडीत, टाय लावणारा निवृत्त माणूस खोलीचं दार लोटून दिवसभर इंटरनेटवर काय बघत असेल? उत्तर सगळ्यांकडे एकच होतं. खाटकाच्या दुकानात साहेब शिरले की बायका डुकराच्या मांसाकडे एकाग्रतेने बघू लागत. हवालदार येऊन गेला होता, हेही लोकांना आता नव्याने आठवलं आणि त्याचा नव्याने अर्थ लागला.

मग धर्मगुरू आले. चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली आणि कपाकडे बघत म्हणाले, "एकटेपणात कुणाचंही पाऊल वाकडं पडतं, डेस्मंड. मी न्याय करायला आलेलो नाही."

"पण मी शेटलंडचं हवामान बघत होतो!" साहेब म्हणाले.

धर्मगुरूंनी डोळे मिटले. "अच्छा," ते दुःखाने म्हणाले. "हल्ली त्याला असं म्हणतात का?"

त्या संध्याकाळी साहेबांनी ठरवलं, की आता लढायचं. सर्वांत आधी ते आपल्याच जुन्या कार्यालयात गेले. त्यांच्या खुर्चीत आता फिलिपा टनिक्लिफ बसत होती. तिला सगळं काम साहेबांनीच शिकवलं होतं, तेव्हा तिने उठून खुर्ची दिली आणि तक्रार शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"मापात खोट आहे," साहेब म्हणाले. "उघड उघड."

"सर, बिअर कमी भरली तर पकडता येतं, कारण ग्लासावर रेघ असते. इथे माप किती छापलंय?"

"अमर्याद."

"त्यातलं तुम्ही वापरलंत किती?"

"पुष्कळ."

"अमर्यादातून पुष्कळ वजा केलं तर किती उरतं, सर?"

साहेब विचार करू लागले. विचार करू लागले तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं, की आपण गेलो.

"अमर्याद," ते म्हणाले.

"म्हणजे तुमचं सगळंच शिल्लक आहे. कमी कुठे दिलं त्यांनी?" फिलिपाला खरोखर वाईट वाटत होतं. "तुम्हीच शिकवलंत, सर. आधी छापील माप बघायचं, मग भांडायचं."

लंडनला जाहिरातींच्या तक्रारी ऐकणारं एक मंडळ आहे, तिथे लिहून बघा, एवढं तिने सुचवलं. साहेबांनी त्या मंडळाला फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, तक्रार अवश्य करा, आणि इंटरनेटवरून केलीत तर निकाल लवकर लागेल. साहेबांनी टपालाने केली.

दुसरी फळी वर्तमानपत्राची. गावच्या साप्ताहिकातून एक हसतमुख मुलगी आली. तिने सगळं सहानुभूतीने ऐकलं, शब्दाचा अर्थ, मापाची प्रतिष्ठा, मासेसुद्धा. बरोबरच्या छायाचित्रकाराने साहेबांना बंद संगणकासमोर बसवलं आणि "जरा रागीट व्हा" म्हणाला. साहेब आधीच रागीट होते, त्यात आणखी झाले. शुक्रवारी अंक आला. फोटोत साहेब नुकतेच पकडले गेल्यासारखे दिसत होते, आणि वर मथळा: 'मला आणखी हवंय! लार्च क्लोजमधल्या आजोबांची इंटरनेटची भूक भागेना.'

"मी आजोबा नाही," साहेब म्हणाले.

ते खरंच होतं. त्यांना नातवंडंच काय, मूलही नव्हतं. ॲव्हरिलबाईंनी अंक घडी करून बटाट्यांच्या सालींखाली घातला.

क्लबची वार्षिक सभा त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी होती. एरवी सभेला गवताच्या रोगाबद्दल दोन प्रश्न आणि चहा एवढंच असतं. त्या दिवशी मात्र खुर्च्या कमी पडल्या. जे वर्षानुवर्षं वर्गणी भरून कधी फिरकले नव्हते, तेही आले होते. दोघी बहिणी तर विणकाम घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

साहेबांनी भाषण लिहून आणलं होतं. त्यांनी रोमन काळातल्या मापांपासून सुरुवात केली. मापाशिवाय संस्कृती नाही, असं सांगत ते हळूहळू 'अमर्याद' शब्दापर्यंत पोचत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "ते ठीक आहे, पण तू बघत काय होतास?"

विणकाम थांबलं.

"हवामान," साहेब म्हणाले.

"दिवसभर?"

"मी सांगतो!" ट्रेव्हर उठला. त्याला मित्रासाठी काहीतरी करायचं होतं. "ते पान मीच लावून दिलं होतं त्याला! ते आपोआप पुन्हा पुन्हा उघडतं! त्याला हातसुद्धा लावावा लागत नाही!"

याने काही उपयोग झाला नाही, हे ट्रेव्हरलासुद्धा लगेच जाणवलं आणि तो हळूहळू खाली बसला. क्लाइव्ह हॅदरसेज छताकडे बघत होता. भूल चढण्याची वाट बघताना तो असाच बघायचा. साहेबांचे कान लाल झाले होते. त्यांनी पुढचं वाक्य शोधलं, पण ते रोमन काळात कुठेतरी मागे राहिलं होतं.

तेव्हा ॲव्हरिलबाई उभ्या राहिल्या. या बाई सभेत कधी बोलल्या नव्हत्या. त्या चहाच्या भांड्याजवळ होत्या आणि हातात अजून फडकं होतं.

"माझा नवरा काहीही बघत नव्हता," त्या म्हणाल्या. "मी त्याच घरात असते, मला माहीत आहे. तो ते लावायचा आणि बागेत जायचा. किंवा झोपायचा. पैसे भरलेत म्हणून चालू ठेवायचा. निवृत्त झाल्यापासून या माणसाने काही म्हणजे काहीही केलेलं नाही, वाईटही नाही आणि चांगलंही नाही. हवी तर शपथ घेते. त्या खोलीत फक्त यंत्र असायचं, आणि ते वारा बघायचं."

मग पहिल्या रांगेतली थोरली बहीण फसकन हसली, धाकटी हसली, आणि सगळी खोली हसायला लागली. हसणं दुष्ट नव्हतं, सुटल्यासारखं होतं. आपापल्या घरातला असाच एकेक जण प्रत्येकीला आठवला असणार. मतदान झालं आणि साहेब फार मोठ्या फरकाने निवडून आले. "काहीही न करणारा माणूस अध्यक्ष म्हणून उत्तमच," असं कुणीतरी चहा घेताना म्हणालं, आणि ते साहेबांनी ऐकलं. साहेबांनी पडण्याची तयारी ठेवली होती. असं निवडून येण्याची मात्र अजिबात ठेवली नव्हती.

परतताना साहेब गाडी चालवत होते.

"संशोधन करत होता, असं सांगता आलं असतं," साहेब म्हणाले.

"कसलं?"

"हवामानाचं."

"डेस्मंड, एक तर तू लंपट ठरणार होतास, नाहीतर रिकामटेकडा. मला निवड करायची होती. मी केली."

साहेबांनी वळणाचा दिवा लावला. वळण अजून लांब होतं.

"टाय लावायचो," ते समोर बघतच म्हणाले. "ती खूण लुकलुकत असली की वाटायचं, कुठेतरी हजेरी लागलेली आहे. ऑफिसात कसं, काम असो नसो, आपण हजर असायचो."

ॲव्हरिलबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. "मला सांगायचंस की," त्या म्हणाल्या. "मी हजेरी घेतली असती." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ती घेतलीही. न्याहारीनंतर साहेबांना पिशवी देऊन बाजारात पाठवायचं, आल्यावर हिशोब मागायचा, दुपारी म्युरिएलशी दोन वाक्यं बोलायला लावायचं. साहेब कुरकुरत, पण टाय लावून जात. इंटरनेट पुन्हा मिनिटावर आलं, ते क्वचित लागे.

मंडळाचा निकाल पानगळ संपता संपता आला. लार्कनेटचं म्हणणं होतं, की बहुसंख्य ग्राहकांना योजना अमर्याद वाटते, कारण ते ती फारशी वापरतच नाहीत. मंडळाने दोन्ही बाजूंचा सांगोपांग विचार करून ठरवलं, की कंपनीने 'अमर्याद' हा शब्द खुशाल वापरावा, मात्र इथून पुढे त्या शब्दाच्या डोक्यावर एक तारा छापावा, आणि पानाच्या तळाशी दुसरा तारा छापून त्याच्यापुढे सविस्तर अटी द्याव्यात.

ट्रेव्हरला हा पराभव वाटला. "एवढी लढाई करून एक ठिपका?" तो म्हणाला. साहेब मात्र त्या आठवड्यात रोज वर्तमानपत्र मागच्या पानापासून उघडत होते, आणि एका सकाळी त्यांना लार्कनेटची अर्ध्या पानाची जाहिरात सापडली. त्यांनी ती कात्रीने सरळ रेषेत कापली आणि स्वयंपाकघरात नेऊन ॲव्हरिलबाईंच्या पुढ्यात, पिठाच्या शेजारी ठेवली.

"बघ."

ॲव्हरिलबाईंनी चष्मा वर ढकलला. "तीच जाहिरात आहे की."

"शब्दाच्या डोक्यावर बघ. उजवीकडे."

त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. "माशी बसून गेलीय," त्या म्हणाल्या, आणि अंगठ्याच्या नखाने खरवडू लागल्या. एकदा खरवडलं, दोनदा खरवडलं, मग नख ओलं करून पुन्हा खरवडलं. कागद झिजायला आला.

"निघत नाहीये, डेस्मंड."

"निघणारच नाही," पार्गेटरसाहेब म्हणाले. किती तरी महिन्यांनी त्यांचा आवाज पुन्हा निरीक्षकाचा झाला होता. "छापील आहे."